धडधड माझी, मोजणी त्यांची

६ जाने. ९७, सोम.
घरात आलं : तीळ अर्धा किलो १६ रु., गूळ एक किलो १२, रॉकेल पाच लि. १५. माझ्या धडधडीच्या गोळ्या आल्या नाहीत. हे म्हणाले, "आधी दवाखान्यात नक्की होऊ दे. उगाच खर्च." स्वतःचा तंबाखूचा पुडा मात्र आला.

८, बुध.
शेजारच्या सिंधूबाईला घेऊन भेस्तानच्या धर्मादाय दवाखान्यात. तरुण गुजराती डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावल्या. "बेन, नाडी नहीं पकडना. आँख बंद, अंदर से धडकन गिनो. घंटी बजे तो बोलना कितनी हुई."
डोळे मिटले, हात मांडीत, आणि अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. लग्नापासूनची सवय. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी... मी नाम मोजत बसले! घंटी झाली, तोंडातून नामाचाच आकडा गेला. मशीनचा आकडा त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाई हसल्या. खुलासा करायला गेले तर पुढचा नंबर पुकारला. चिठ्ठीवर लिहिलं : स्वतःची धडकन ओळखता येत नाही, मनाची भीती, विश्रांती घ्यावी.
परतताना सिंधूबाई, "तुले तुन्हं काळीज बी ऐकू येत नही का वं माय?" रिक्षाभर हसली.

९, गुरु.
यांनी चिठ्ठी वाचली. "बघ, मशीनच बोललं. सगळं तुझ्या डोक्यात आहे."
मोजता आली नाही म्हणजे धडधड होतच नाही? तुमच्या पलसाण्याच्या कारखान्यात मीटर बिघडला तर कापड रंगायचं थांबतं का? तोंडावर विचारलं. म्हणे, मॅट्रिक झालीस म्हणून फार बोलतेस.
पाणी भरताना दोनदा खाली बसले. अंधारी. कुणाला सांगू?

११, शनि.
दिवा लावल्यावर यांना म्हटलं, आता तुम्ही मोजा, मी मनगट धरते. बसले ऐटीत डोळे मिटून. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट झालं. "साठ! बरोब्बर साठ." ओठ घड्याळाच्या टिकटिकीबरोबर हलत होते, मी बघत होते ना! माझ्या बोटांखाली नाडी ऐंशीच्या वर. सांगितलं तर, "तुझं मोजणं चुकतं, हे दवाखान्यानेच लिहून दिलंय."
वरून हसले. कणीक अशी मळली की परात उलटली.

१२, रवि.
जपाला बसले आणि अंगठा दुसऱ्या हाताने गच्च धरला. देवा, रागवायचं तर रागव, आज तुझं नाव नाही. नुसतं ऐकलं. नीट चालतं, मधेच एक ठोका गाळतं, मग घाबऱ्यासारखं धावतं. डोक्यात नाही, छातीत आहे. हे कुणाला दाखवायचं, वायर कुठे लावायची...

१३, सोम.
अमळनेरला दादाला लिहिलं. कार्ड सगळे वाचतात म्हणून आंतर्देशीय. नक्कल :
"दादा, सा. न. वहिनीला धुळ्याच्या ज्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतंस, तिथे मला ने. यांना विचारू नकोस, ते चिठ्ठी पुढे करतील. मनाची भीती असेल तर त्या डॉक्टरांनी तसं सांगावं, ऐकून घेईन. पण आधी त्यांनी ऐकावं. संक्रांत झाली की एकटी निघते. नेतोस की नाही, एवढंच उलट टपाली कळव. पत्ता सिंधूबाईचा घाल."