गजराची घड्याळं विकणे आहे

ती. दादांना,

मोबाइल खाली ठेवून, दोन्ही हात मोकळे करून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? वहिनींचा खोकला गेला असेलच. (नसेल तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, हसता हसता जाईल.)

आमच्याकडे आनंदीआनंद आहे. लेक बाळाला घेऊन रविवारी येतेय, आणि तोवर आतली खोली रिकामी झालीच पाहिजे, असं तुमच्या बहिणीचं फर्मान आहे. आतली खोली म्हणजे माझी गजराची घड्याळं! छतापर्यंत फळ्या, आणि एकेक घड्याळ आपल्या मर्जीने केकाटणारं. तान्हं बाळ आणि ही फौज एकत्र नांदणार नाही, हे मलाही पटलं. म्हटलं, ऑनलाइन विकू.

दादा, जन्मभर मी घासाघीस केली ती गिऱ्हाईक म्हणून. दुकानदार "घ्या एकदाचं, पण कुणाला सांगू नका" म्हणेपर्यंत मी कधी पायरी सोडली नाही. आता दुकानदार झालो, तर समोर माणूसच दिसेना! एकाने थेट विचारलं, "लास्ट किती?" अहो, आधी फर्स्ट तरी बोला! एका मुलीने घड्याळ भाड्याने मागितलं, फोटोत मागे ठेवायला. एकजण म्हणाला, अर्ध्यात द्या, वाजलं नाही तरी चालेल, मला कुठे लवकर उठायचंय! मग आले दातांचे डॉक्टर. त्यांनी सगळीच्या सगळी मागितली, सांगितलेल्या किमतीला, ताबडतोब. मी खट्टू झालो. हूं की चूं न करता घेतलं, ही काय खरेदी झाली? डिवचायला कळवलं, निम्मी वाजत नाहीत. म्हणाले, चालेल. किंमत वाढवली. म्हणाले, ठीक. असल्या मुखदुर्बळ माणसाला माझी घड्याळं द्यायची? सरळ नाही म्हणून टाकलं. (तुमच्या बहिणीला हे ठाऊक नाही. पोटात ठेवा.)

पण परवा एक म्हातारे शिंपी आले आणि दादा, डोळ्यांत पाणी आलं हो! पहिल्याच घड्याळाला कान लावून म्हणाले, "आवाज बसलाय." मी म्हटलं, "कान तपासून घ्या." ते रागाने चपला घालून निघाले. मी अडवलं नाही, फक्त दार उघडं ठेवलं. जिन्यातून परत आले! चहा झाला, दुसरा झाला, गळ्याच्या शपथा झाल्या. त्यांच्याकडे पैसेच नाहीत हे कळलं, तोवर मी असा रंगात आलो होतो की माघार कसली घेतोय! त्यांच्याकडे होत्या कोळशाच्या जुन्या इस्त्र्या. (त्यांनाही घरून कपाट रिकामं करायचं फर्मान होतं.) ते म्हणाले, घड्याळामागे एक इस्त्री. मी हटून बसलो आणि दोन-दोन घेतल्या! असं सुख कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

तर घड्याळं गेली, बाळाची झोप वाचली. खोलीत पाय ठेवायला मात्र जागा नाही.

आपला विजयी मेहुणा

ता. क. तुमची गच्चीवरची खोली रिकामीच असते ना? रविवारच्या आत टेम्पो घेऊन या. भाडं मी देईन. (भाड्याचं बोलणंही मीच करीन.)

ता. क. दादा, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. डॉक्टरांचं आत्ता कळलं. इस्त्र्या नेऊ नकोस, पलंगाखाली रचते. त्या गप्प तरी बसतात, बाळाला उठवणार नाहीत. तू यांनाच घेऊन जा. टेम्पो कशाला, एकटेच तर आहेत.