शेंडा खुडू नये

२४ जून १९५८
पेरणी झाली. वर कापूस, खाली नाल्याकडच्या पट्टीत आंबाडी. सगळे बांधावर चार दाणे टाकतात, मी पट्टी भरून दाट टाकली. लक्ष्मणदादा बघत होते. वस्तीत सगळ्यात म्हातारे, दोर वळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. म्हणाले, "गर्दीत उभं राह्यलं का झाड बाजूले पसरत नाही, वर पयते. बरं केलं." त्यांची शाबासकी वर्षाकाठी एकदा मिळते, म्हणून लिहून ठेवली.

सभेत बोलून बसलो आहे ना. वस्तीची स्वतःची विहीर खणून झाली, छत्तीस हातांवर पाणी लागलं. कोणी दगड दिले, कोणी दोर फिरवायची गराडी देतो म्हणाला. मी ताडकन उठलो, "दोर माझा. माझ्या शेतातला." २६ जानेवारीला पहिली बादली ओढायची. दीक्षा घेऊन दोन वर्षं होतील, तरी गावच्या विहिरीवर आमच्या बाया घागर खाली ठेवून वाट पाहतात, कोणी वरून ओतेल का. ते आता पुरे.

१९ जुलै
गुडघ्याएवढी. एका काठीवर कोयत्याने खुणा करतोय, दर आठवड्याला एक. यशोदा म्हणाली, "कापसाकडंही पाहत जा जरा. त्याले राग येईन." बायकोचं बरोबर आहे. पण कापूस काय, दरसाल होतो.

५ ऑगस्ट
छातीला लागली. आणि आज बघतो तर अकरा झाडांचे शेंडे गायब! शेंडा गेला की झाड वर जायचं सोडून बाजूला दोन फुटवे काढतं, बैलाच्या शिंगांसारखे. सालीचा लांब धागा, वाख, काढताना तिथेच तुटतो. असल्या तुकड्यांचा दोर काय होणार? बकऱ्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. हात सोलले.

१२ ऑ.
आणखी वीस-बावीस. दादांना नेऊन दाखवलं. "बकरी ओरबाडते. हे नखानं खुडलं हाय. बाईमाणसाचं काम." म्हणजे भाजीला. आमच्याकडे आंबाडीच्या भाजीला कोणी विचारत नाही आणि कोणी नाही म्हणत नाही. जाता-येता मूठभर खुडायची, रीतच आहे. मी रीत मोडायची ठरवली. फळीवर कोळशाने मोठं लिहिलं, शेंडा खुडू नये. बांधावर ठोकली.
यशोदा : "भाजी खुडणाऱ्या बायाइले वाचता येते काय?"
फळी तरी राहू दिली.

२३ ऑ.
दुपारी कापसात दबा धरून बसलो. मुंग्या चावल्या. चोर सापडला. माझीच माय.

भराभर खुडत होती, जन्मभर तेच केल्यासारखी. बांधापलीकडे वरच्या गावची गिरजाबाई, ओचा पसरून. त्याच गिरजाबाई, ज्या विहिरीवर मायच्या घागरीत हातभर उंचावरून पाणी ओततात. मायने भाजी त्यांच्या ओच्यात घातली. वरून टाकली नाही, हाताने घातली. त्यांनी घेतली. "येते सखूबाई," म्हणाल्या. एरवी 'ए सखे' म्हणतात.

संध्याकाळी मी फार बोललो. नको ते बोललो. माय चुलीपुढून उठली नाही. मग म्हणाली, "बाबू, माहा सारा जन्म मागण्यात गेला. भाकर माग, ताक माग, पाणी माग. आता कोणी माह्या बांधावर येऊन म्हणते, बाई, भाजी दे. मी नाही म्हनू? मले नाही जमत."

जेवणार नव्हतो. जेवलो. ज्वारीच्या कण्या घातलेली आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. माझाच दोर मी खात होतो, आणि चांगला लागत होता. मायला काय तोंड दाखवू, कळेना. विहिरीपुढे तरी काय दाखवू, तेही कळेना.

२५ ऑ.
तह झाला. तिन्ही बांधांकडच्या चार-चार ओळी मायच्या, आतली सगळी माझी. फळी उपटून आत लावली. माय म्हणते, "तुह्याइले उंची, माह्याइले फुटवे." तिच्या ओळी छातीच्या वर जायच्या नाहीत, झुडुपंच होणार नुसती. खुडावं तेवढं जास्त फुटतं. रोज दोन-तीन बाया येतातच.

२० सप्टेंबर
आतली माझ्या डोक्यावर दोन हात! काठी संपली. आता बांबूवर खुणा.
येताना गिरजाबाईंच्या बांधावरची आंबाडी पाहिली. सरळसोट, एकही शेंडा तुटलेला नाही. बाईंना शेती कळते, मानलं पाहिजे.

२ ऑक्टोबर
परवाच्या वाऱ्यापावसात नाल्याकडची बाजू आडवी. उंच वाढवली पण खोड बारीक, दाटीतलं. बांधांकडची मात्र उभी आहे. तिथे मायची ठेंगणी झुडुपं वारा अडवून उभी. मायला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर दिवाळीपर्यंत ऐकवेल.

१५ नोव्हेंबर
फुलावर आली, कापली. सगळ्यात उंच पाच झाडं बियाण्याला राखली. साल कुजून सुटावी म्हणून पेंढ्या नाल्याच्या डोहात बुडवून वर दगड. दादांनी पेंढ्या डोळ्यांनीच मोजल्या. "तीस हात निघन. छत्तीस नाही." म्हाताऱ्याचं चुकावं, असं पहिल्यांदाच वाटलं.

७ डिसेंबर
वाख सोलून, धुऊन वाळत घातला. डोहातल्या पाण्याचा वास अंगाला असा बसला की यशोदाने ताट ओसरीवर आणून दिलं. पण वाख पांढरा आहे, चकाकतो. हातात घेऊन बसलो बराच वेळ.

२ जानेवारी १९५९
दोर वळून झाला. एकतीस हात. दादांचं चुकलं ते एका हाताने. मायच्या झाडांचा आखूड वाख मिसळू का विचारलं, तर पीळ टाकून उठले. "तुकड्याचा दोर भरल्या बादलीखाली तुटते. तवा मले नको बोलवू." म्हणजे पाच हात कमी, वर धरायला दोन-तीन हवेत. कळंबच्या बाजारात तयार दोर मिळतो. पण मग ताडकन उठलो होतो कशाला.

११ जाने.
सकाळी ओसरीवर वाखाची एक पेंढी. लांब, स्वच्छ. गिरजाबाई ठेवून गेल्या म्हणे. मी मायला विचारलं, त्यांच्याकडे एवढा लांब वाख कुठला?
माय हसायला लागली. "तिनं सवताची कायले खुडावं? पावसाळाभर आपली तं नेत होती!"

म्हणजे बाई आमचे शेंडे खाऊन स्वतःचे राखत होत्या. आणि मी त्यांना शेती कळते म्हणून लिहून ठेवलंय. आधी डोकं भडकलं. मग मलाही हसू आलं, आवरेना. परत नेऊन देतो म्हणालो, दोर माझ्या शेतातला म्हणून शब्द दिलाय. माय म्हणाली, "आपलीच भाजी हाय ते. फिरून आली." दादांनी पेंढी ओढून पाहिली आणि पीळ द्यायला बसले.

२६ जाने.
पोरांनी पताका लावल्या. बादली सोडायच्या आधी मी सगळ्यांपुढे सांगितलं, एकतीस हात माझा, आठ हात गिरजाबाईंच्या वाखाचा. दोघे-तिघे कुरकुरले, वरच्या गावचं कशाला? दादा म्हणाले, "जोड कुठं हाय ते दाखवा." कोणाला सापडला नाही. पहिली बादली मायने ओढली. दोराला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पाणी थोडं खारट आहे. सगळे गोड म्हणाले. मीही म्हणालो. खरंच वाटलं गोड.

गिरजाबाई आल्या नाहीत. येतील असं मला उगीच वाटत होतं. चैत्रात गावची विहीर आटते, आमची टिकेल असं दादा म्हणतात. पण तेव्हा पाणी आणखी खाली जाईल, दोर लांबवावा लागेल. बी निवडायला घेतलं. माय तिच्या ठेंगण्या झाडांचं बी वेगळं बांधतेय.

मी म्हटलं, चैत्रात येतील का गं त्या?
"भाजीले आली, पाण्याले नाही येणार?"
मग तूही ओत वरून, हातभर उंचावरून.
"हट्. मी कायले ओतू? दोर देईन तिच्या हातात. घे म्हनीन, ओढ."
चैत्राला अजून अडीच महिने आहेत.