मागं कोण राहायचं

दादा, "आपण चौघंही विमानानं गेलो तर मागं कोण राहायचं?" असं माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं तर तिला काय सांगायचं? ती चित्रकलेच्या वहीत विमान काढत होती आणि खडू न थांबवता तिनं सहज विचारलं. हा प्रश्न मी तिला कधी शिकवलेला नाही. तुम्ही तर तिला पाहिलंसुद्धा नाहीत. तरी तो तिच्यापर्यंत पोचला, आणि पोचला तो माझ्याकडूनच, एवढं मला कळतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरला जायचं ठरवलंय. तुमचे जावई तीन महिने त्याच नादात आहेत. जेवताना मुलांना मोबाइलवर तिथलं मत्स्यालय दाखवतात. धाकट्यासाठी बाबागाडी मिळेल का, त्याला दूध कुठलं चालेल, सगळं एका वहीत लिहितात. मी दर वेळी काहीतरी खोट काढते. कधी ऊन, कधी त्याच्या उलट्या, कधी त्याचं अडीच वर्षांचं वय. एकदा ते हसून म्हणाले, "अहो सास्तूरकरीणबाई, तिथं भूकंप होत नाही. मी बघून ठेवलंय." मीही हसले. मग स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिले.

तुमचा नियम आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं सांगितला नाही, पण तो मोडलाही नाही. सगळं घर एका वेळी एका गाडीत बसणार नाही. सगळं घर एका वेळी परगावी मुक्कामाला जाणार नाही. सास्तूरच्या भूकंपात तुमचे आईवडील आणि दोन्ही भाऊ गेले. तुम्ही शेतात राखणीला होतात म्हणून उरलात. मी त्यानंतरची, नव्या गावठाणात जन्मलेली. येरमाळ्याच्या यात्रेला निघायचं तर आई आणि भाऊ पहिल्या एसटीनं, तुम्ही आणि मी मागच्या एसटीनं. मला तो कंडक्टर अजून दिसतो. तिकीट फाडता फाडता म्हणतोय, "काय मामा, मालकिणीसंगं वाजलंय व्हय? त्या फुडच्या गाडीत, तुमी ह्या गाडीत!" सगळी गाडी हसतेय, तुम्हीही हसताय. "व्हय बाबा, रोजचंच हाय." पण माझ्या दंडावरचा तुमचा हात येरमाळा येईपर्यंत सुटत नाही. गाडीनं ब्रेक मारला की बोटं रुततात.

माझ्या पदवीदानाच्या दिवशी मी तुम्हाला बोलले. घरातली पहिली पदवी, सगळे निघालेले, आणि तुम्ही नवं धोतर नेसून ओट्यावर बसलेले. "तुमी जावा समदी. म्या हाय घरी." मला ते सहन झालं नाही. संख्याशास्त्र ताजं होतं डोक्यात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हा अडाणीपणा आहे. दोन गाड्या केल्यानं धोका कमी होत नाही." तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तुजं गणित बराबर आसंल माय. पर नावं सांगाया कुणीतरी लागतंय."

मग तुम्ही पहिल्यांदा ते सांगितलंत. भूकंपानंतर वही घेतलेली माणसं गल्लीगल्लीनं फिरत होती. कुणाच्या घरातली किती माणसं, नावं काय, असं विचारत होती. तुम्ही तुमच्या घरातली चारही नावं सांगितलीत. शेजारच्या घरात कुणीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी तुम्हालाच विचारलं. मोठ्या माणसांची नावं तुम्हाला येत होती. पण तिथं एक तान्हं होतं. पंधरा दिवसांमागं त्याचं बारसं झालं होतं, तुम्ही स्वतः त्या घरी घुगऱ्या खाऊन आला होतात, आणि नाव तुमच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. वहीत लिहिलं गेलं, 'एक मूल'. "घुगऱ्या खाल्ल्या म्या, आन् नाव न्हाय सांगता आलं," एवढं बोलून तुम्ही धोतराची निरी नीट करत बसलात. मला तेव्हा तुमच्याजवळ बसायला हवं होतं. मी एसटी चुकेल म्हणून निघाले.

दोन वर्षांनी माकणीला मामाच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे गेलो आणि तुम्ही मागं राहिलात. दुपारी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तेव्हा तुम्ही उंबऱ्यात पडलेले होतात. डॉक्टर म्हणाले, कुणी जवळ असतं तर कदाचित. मागं राहणाऱ्या माणसाजवळ कुणी नसतं, दादा. याचा तुम्ही विचारच केला नव्हता. तुमचा राग आला म्हणून मी किती दिवस रडले नाही, हे आईलाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही धाराशिवातल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात प्रवासविम्याचा फॉर्म भरत होतो. तिथल्या बाईंनी एका रकान्यावर पेन टेकवलं. "मॅडम, हे राहिलं. सोबत न येणाऱ्या नातेवाइकाचं नाव. सगळ्यांनाच भरावं लागतं, घाबरू नका." मी आईचं नाव लिहिलं. तुमच्या नियमाला आता छापील रकाना आहे.

तिकिटं काढायच्या आधी आईला फोन केला. "चौघंबी चाललाव?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं तिकडं कोंबड्या हाकलल्या. मग ती म्हणाली, "धाकट्याला ठिव माझ्यापाशी. त्येला काय कळतंय शिंगापूर." मी नाही म्हणाले नाही. फोन ठेवून तुमच्या जावयांना सांगितलं, तिकिटांचं दोन दिवस थांबा, माझ्या रजेचं नक्की होऊ दे. रजा तर कधीच मंजूर झाली होती.

ते दोन दिवस मी काय करत होते, ते तुम्हालाच सांगू शकते. मी माझ्या दोन मुलांपैकी उरायला कुणाला ठेवायचं, हे ठरवत होते. भाजी चिरताना, गणवेशाला इस्त्री करताना, शांतपणे. मुलगी शाळेत जाते, तिला जास्त कळतं, तिला जास्त आठवेल. धाकटा लहान आहे, विसरून जाईल. असा विचार करत मी मान वर केली की मुलगी माझ्याकडे बघत असायची. दुसऱ्या दिवशी तिनं ते विमान काढलं आणि विचारलं. मग तिनंच धाकट्याला जवळ ओढून विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग बरं." त्याला आडनाव सांगता आलं नाही. तो आपला टाळ्या वाजवत होता. तिनं त्याला पुन्हा विचारलं, मग पुन्हा, शिक्षा केल्यासारखं, आणि शेवटी तो रडायला लागला. मी त्याला उचलून घेतलं आणि तिलाही ओढून घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती.

भीती गेलेली नाही. आता ती आमच्या घरात चौघांच्या बरोबरीनं वावरते. तुम्ही चुकत होतात असं मला आज म्हणता येत नाही, आणि तुम्ही बरोबर होतात असं मला मानायचं नाही.

काल आईला फोन करून सांगितलं की आम्ही दोन वेगवेगळ्या विमानांनी जाणार आहोत, दोघं एकात, दोघं एकात. ती म्हणाली, "बरं केलंस माय. बापाचं ऐकलंस." ती खोट्यावर निर्धास्त झाली. कुणाला तरी खरं सांगावं म्हणून हे लिहिलं. काल फोन करायच्या आधीच मी तिकिटं काढली होती. चौघांची, एकाच विमानाची, एका ओळीत.