दाढेच्या जागी

३ नोव्हेंबर
वरोरला पोहोचले. खोली मनासारखी आहे. खिडकी समुद्राकडे, पंखा आवाज करत नाही, नळाला पाणी आहे. घरमालक देवजीकाका बोटीवर जातात, देवकीकाकू मासळी वाळवून विकतात, सून भाविनी घर बघते. अंगणात बांबूंवर बोंबील टांगलेत. वासाची सवय होईल. उद्या डहाणूच्या चिकू सुकवण्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून रुजू होईन. पहिलीच नोकरी. चिकूत तपासायचं काय, असं भाविनीने विचारलं. मी ओलाव्याचं प्रमाण समजावलं. ती म्हणाली, म्हणजे बोंबलासारखंच की, मोडून बघायचं!

६ नोव्हेंबर
डावीकडची खालची अक्कलदाढ काढावी लागली. डहाणूच्या डॉक्टरांच्या सूचना स्पष्ट आहेत. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. म्हणून थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, जिभेने चाचपायचं नाही. गार, मऊ खायचं. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ. जखम लवकर भरली पाहिजे. चव तपासणं माझ्याच कामात आहे, आणि नोकरी अजून कायम झालेली नाही.
देवजीकाका म्हणाले, अक्कलदाढ देऊन आलीस, आता तुला नक्की साहेब करणार.

७ नोव्हेंबर
काकूंनी न सांगता कोमट मिठाचं पाणी तांब्यात आणून दिलं. रोज देणार म्हणाल्या. चांगली माणसं आहेत.

१० नोव्हेंबर
दुखणं कमी व्हायचं तर वाढलंय. डॉक्टर म्हणाले, गुठळी सुटली, तुम्ही थुंकला असाल. नाही म्हटलं. मग तंबाखू? मिश्री? नाही. ते हसले आणि खड्ड्यात औषधाची पट्टी भरली. मी एकही सूचना मोडलेली नाही. हे ऐकायला कोणी तयार नाही.
कारखान्यातले जतीनभाई विचारतात, चव कधी बघणार, की दुसरं माणूस बघू?

१२ नोव्हेंबर
पट्टी आपोआप बाहेर आली. ठणका चढतो, मग पूर्ण उतरतो. देवजीकाका चिडवतात, पोरीचा गाल बघून बोट काढायची वेळ कळते. मी भरतीच्या वेळांशी ताडून पाहिलं. जुळतं. जखमेला असं वेळापत्रक नसतं. उगीच ताडलं.

१३ नोव्हेंबर
काकूंना किनाऱ्यावर तांब्या भरताना पाहिलं. मी इतके दिवस समुद्राच्या पाण्याने चूळ भरतेय! तेही न उकळलेल्या, उन्हात ठेवून कोमट केलेल्या. काकूंना माझ्या रागाचंच नवल. भरतीचं ताजं पाणी आहे, म्हणाल्या, आमच्या घरात सगळ्यांच्या जखमा यानेच भरल्या. पुडीतलं मीठ कुठून येतं तुला ठाऊक आहे का? समुद्राच्या पाण्यात न दिसणारे जीव असतात, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं बाई, उद्यापासून पदराने गाळून देते.
आता पाणी मी स्वतः उकळते. उशीर झालाय का, माहीत नाही.

१५ नोव्हेंबर
भाविनी मासे साफ करत होती. एकाचं तोंड उघडून तिने दाखवलं. जिभेच्या जागी फिकट पांढरा किडा बसला होता, काळ्या बारीक डोळ्यांचा. आधी जीभ खातो, मग तिच्या जागी बसतो, ती म्हणाली, मासा बिचारा तसाच जगतो. तिने नखाने तो उडवला. याची पिल्लं कुठे असतात, मी विचारलं. पाण्यात, दिसत नाहीत. माझा चेहरा बघून ती खो खो हसली. तू काय पापलेट आहेस?
नंतर आरशात टॉर्च मारून पाहिलं. खड्ड्यात पांढरं काहीतरी आहे. हाड असेल म्हणून उजेड जवळ नेला.
ते आत सरकलं.

१६ नोव्हेंबर
एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, नवं मांस धरतंय. हलतं, मी म्हटलं. तुमचा भास, हात लावू नका.
घरी चिमट्याने धरलं. ओढलं. कळ खड्ड्यात नाही आली — जिभेत आली.

१८ नोव्हेंबर
दुखणं थांबलं. खड्डा मिटला. डॉक्टर खूश, सूचना पाळल्या की असं होतं. मला म्हणायचं होतं, पुन्हा उघडा, आत काहीतरी राहिलंय. तोंडातून आलं — बरं वाटतंय, थँक्यू.
मी ते म्हटलेलं नाही.

१९ नोव्हेंबर
चिकूला चव नाही. कशालाच नाही. जतीनभाईंना तेच सांगायला गेले. तोंड म्हणालं, मस्त गोड आहे. त्यांनी शाबासकी दिली. नोकरी पक्की.
आरसा — जीभ गुलाबी नाही, फिकट पांढरी आहे.

२० नोव्हेंबर
बोलणं त्याचं. हात अजून माझा.
भाविनीला वेगळ्या कागदावर लिहून दाखवायचं ठरवलं — तोंड उघडते, नखाने काढ. तीच काढू शकेल.
ती आली. कागद पुढे केला. ती वाचतेय — तोंड हसलं. माझ्याच आवाजात म्हणालं, चेष्टा केली गं तुझी. तीही हसली. म्हणते, मेली, घाबरवलंस, चल जेवायला, ताजे बोंबील आहेत. मी मान हलवते, नाही, नाही — तोंड हो म्हणतं. पाणी दे म्हणतं, भरतीचं. ती तांब्या आणायला गेली. बोटं बधिर — लिहितेय तोवर मी — भाविनी, ते पाणी नको, मला ते