बैलाचं पुढे काय झालं

॥ श्री ॥
कुंभकोणम्, १२ जुलै १९५४

ती. अक्कास रंगाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं रोज उद्यावर टाकत गेलो, हे आधीच कबूल करतो. कार्ड आणायला निघालो, तो बाजारात चोळपुरम्‌चा वांगीवाला भेटला. त्याच्या गाडीत बसून त्याच्या गावीच गेलो. असो. तंजावरला तुझ्या सासूबाईंचा ताप उतरला का?

तुझी सुंदरी घरात दिवसभर चिवचिवते, पण दारात कोणी आलं की खांबामागे. तिला नाव विचारलं, तर मीनाक्षीमावशी आतूनच नाव, वय, काय जेवली ते सगळं सांगून टाकते. दिवाळीत भावजी बिलासपूरहून एवढ्या हौसेनं आले आणि लेक बोलली नाही म्हणून खट्टू होऊन परतले, ते माझ्या मनातून जात नाही. आता पोंगलला येतील. म्हणून मी तिच्याकडून या, बसा, पाणी आणू का, असं घोकून घेतलं. तिनं ते म्हटलंही, पण गाईला.

मजवरचा लोभ या उशिरानं उणा करू नकोस.

तुझा रंगा

तंजावर, १७ जुलै

चि. रंगास अनेक आशीर्वाद.

सासूबाई आता पेज घेतात. वांग्यांबरोबर गावोगाव फिरणाऱ्यावर पोर सोपवली, माझंच चुकलं! अरे, घोकून बोलणं येत असतं तर तू शाळेत टिकला नसतास का? तिला काही विचार आणि गप्प बस. उत्तराला लागेल तेवढा वेळ लागू दे. मावशीला म्हणावं, तिचं उत्तर तिलाच देऊ दे. हे बिलासपूरहून प्रत्येक पत्रात, सुंदरी आता बोलते का, एवढंच विचारतात. त्यांच्याशी ती चार शब्द बोलली तरी मला पुष्कळ.

माया आहेच; ती कार्डातूनही कळू देत जा.

पंकजाअक्का

कुंभकोणम्, २ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मावशीनं ऐकलं. कोणी आलं की तोंडात विडा भरून बसते. मला मात्र गप्प बसणं जमेना. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातला बैल सुटला, ही गोष्ट सुंदरीला सांगायला बसलो. तिथून भाताच्या वाफ्यांवर घसरलो, तिथून रेल्वेच्या फाटकावर, आणि बैल राहिलाच. तिनं माझी बाही ओढली, बैलाचं पुढे काय झालं म्हणून. मला खरंच आठवेना. तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती विचार करत राहिली आणि मीही, कधी नव्हे तो, थांबलो. मग म्हणाली, आईकडे गेला असेल. आता रोज हेच चालतं. काल तर शेजारच्या नागलक्ष्मीमामींना तिनं आपण होऊन तमिळमध्ये विचारलं, तुमच्या घरी बैल आहे का? मामी तासभर ओट्यावरून हलल्या नाहीत.

थांब, दारात घोड्याची जटका गाडी येऊन उभी राहिली. मावशीच्या तोंडात विडा आहे. मी मुद्दाम उठत नाही. सुंदरी खांबाला धरून आहे... सुटली. उंबऱ्यापाशी गेली. गाडीतून काय काय दिसलं, असं विचारते आहे. पाहुणा ट्रंक हातात तशीच धरून सांगू लागलाय, कुठल्याशा मोठ्या पुलाचं. मध्येच तो ट्रंक खाली ठेवायला वाकला, तर ती विचारते, पुढे काय झालं, अप्पा?

अक्का, भावजी आलेत.