तिरपे आटे

टेमघर, भिवंडी
१२ नोव्हेंबर १९७४

बाळारामभाऊजी यांस वहिनीचा आशीर्वाद.

आपल्या कारखान्यात केलेल्या बिलियर्डच्या त्या सहा काठ्या क्लबातून परत आल्या, तो दिवस तुम्ही विसरला नसाल. सुटे तुकडे सरळ होते, पण पेच फिरवून जोडले की काठीला मधोमध वाक पडायचा. तुमचे दादा सगळ्यांसमोर ओरडले, "बाल्या, काठी खेलाला हाय का नांगराला? आटं सरल पाडता येत न्हाय तुला?"

पेच बसायचे ते आटे मी पाडले होते, भाऊजी. तुम्ही तापाने झोपला होतात, तुमचे दादा लाकूड आणायला गेले होते. मला वाटलं, रोज पाहते, आपल्यालाही जमेल. लाकडातलं भोक जरासं तिरपं गेलं, ते मला कळलंच नाही.

तुम्हाला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "चुकलं, दादा." मी गप्प उभी राहिले. त्याच आठवड्यात तुम्ही घर सोडून सुरतेला गेलात.

आता घरात तुमचे दादा आणि मी, दोघंच. बोलणं जेवणापुरतं. काल नवी काठी जोडून ते डोळ्यासमोर धरून पाहत होते. म्हणाले, "बाल्या असता तं..." मी तोंड उघडलं, आणि "चहा टाकू?" एवढंच विचारलं.

मी खरं सांगितलं, तर ते उद्याच तुम्हाला बोलावतील. ते भिंतीपलीकडे लाकूड कातायचा खराद चालवताहेत, आणि मी लिहिते आहे तुम्हाला, ज्यांना सगळं आधीच ठाऊक आहे. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही; आता त्यांच्याकडेच जाते.

तुमची,
मैनावहिनी