खालचा खण

२९ ऑगस्ट १९४६
खण मोडला. मीच मोडला! कपाटाचा खालचा, आईच्या पोथीचा. दमट हवेनं फुगला होता, शाळेला उशीर होत होता, माझं पेन त्यातच — दोन्ही हातांनी ओढला. तोंडाची फळी हातात आली. आईला म्हटलं, "सुतार कशाला? मी चित्रकलेचा मास्तर आहे, हाताला वळण आहे." फुशारकी नुसती!

३० ऑगस्ट
झाला दुरुस्त! आई बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती, तेवढ्यात बाजारातून सरस आणला, चुलीवर पातळ केला, फळी चिकटवली, वर दोन खिळे ठोकले. काय घाण वास! हाताशी आली ती पितळी तपेली घेतली — मग ध्यानात आलं, उद्यापासून दशलक्षणाचे उपास, दहा दिवस आई त्याच तपेलीत उकळलेलं पाणी पिणार. मोरीत टाकली आहे. धोंडुबाई संध्याकाळी घासेल.

३१ ऑगस्ट
तपेली गायब. आईनं सगळं घर धुंडाळलं. काल भांडी घासायला धोंडुबाईशिवाय कुणी आलेलं नाही. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "मीच नेली. कुटं ते इचारू नगासा." बारा वर्षं आमच्याकडे आहे बाई! आई म्हणाली, "उद्यापास्नं येऊ नगंस."
मी आतून बाहेर येऊन म्हणालो, "पितळ कुणाला नको असतं?" कुणी विचारलं होतं मला? ती माझ्याकडे न बघता गेली.

५ सप्टेंबर
खण अडकला आणि पोथी आत! पोथी वाचल्याशिवाय आई पाणीसुद्धा घेत नाही, तशीच बसून राहिली. खिळे माझेच वाकडे. ओळखीचा सुतार एकच — ज्योतिबा, धोंडुबाईचा नवरा. कुठल्या तोंडानं बोलवायला गेलो, माझं मलाच ठाऊक. तरी आला. फळी सोडवली, वाळलेला सरस नखानं खरवडून नाकाशी धरला.
"कशात कढवलासा दादा ह्यो?"
"घरातल्या तपेलीत."
रंधा खाली ठेवला त्यानं. हळूच म्हणाला, "जनावराच्या हाडाकातड्याचा असतोय ह्यो. तुमच्यात तर मुंगीबी मारत न्हाईत. आमच्या घरात ह्यो वास रोजचा, बायकोला आंधारातबी कळतोय. किष्णा नदीत टाकली तिनं तपेली. 'आक्कास्नी कळलं तर धा दिस पान्याचा थेंब घ्यायच्या न्हाईत, म्हातारं मानूस हाय,' म्हनली. मलाबी गप बस म्हनली."
आई पलीकडच्या खोलीत माळ ओढत होती. मी सरसाला डिंकाचा भाऊ समजत होतो. जैनाच्या चुलीवर हाडं शिजवली मी!
ज्योतिबाला चहा विचारला. नको म्हणाला.

६ सप्टेंबर
सांगितलं नाही.

८ सप्टेंबर
आजही नाही. सबब तयारच असते — पर्व संपू दे, आईला अशक्तपणा आहे. खरी गोष्ट ही की भितो. फळ्यावर 'खरे बोलावे' वळणदार अक्षरात काढून देतो मुलांना! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर दोन्ही वेळा पोटभर जेवतो आहे. लाज वाटते. तरी जेवतो.

१२ सप्टेंबर
क्षमेचा दिवस. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढे आज हात जोडायचे. आई मला घेऊन थेट धोंडुबाईच्या दारात गेली.
"तपेली नेलीस ती नेलीस. पर मी रागानं तोडून बोलले. क्षमा कर बाई."
धोंडुबाईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग आईचे हात धरले. "आवं आक्का, सोडा की. झालं गेलं."
मी शेजारी उभा होतो. जीभ झडली होती काय माझी!
येताना आई म्हणाली, "लय हलकं वाटतंय बघ आज."

१३ सप्टेंबर
सांगितलं. सगळं.
आई म्हणाली, "तिनं माझं वरत राखलं, मदन. तू माझी क्षमा नासवलीस. चोर समजून मोठ्या मनानं गेले रं मी तिच्या दारात! अन् तू बाजूला उभा हुतास."
वहाणा न घालताच उठली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "चल. आज आदी तू बोलायचं."